सहा खोल्या आणि एक किटली

सुपा, २२ जानेवारी १९९९

चि. प्रशांत यास चांगुणाआजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. तुला सुप्यात एक आजी आहे हे आठवत असेल तर पुढे वाच. तुझा कॉम्प्युटर म्हणे काहीच विसरत नाही. तुझ्या वाट्याची आठवणही त्यालाच देऊन टाकलीस काय? तुझी तब्येत, सूनबाई धनश्रीची, म्हणजे तुझ्या आईची, कंबर, सगळं ठीक असेल असं धरून चालते. माझे गुडघे कुरकुरतात. ते निदान रोज माझ्याशी बोलतात.

तर तू आमच्या कारखान्यात जे लावून गेलास त्याची हकीकत. (ऑफिसातली माधुरी लिहून घेते आहे. ती मधेच हसते, तू मनावर घेऊ नको.) आजवर मी कँटीनची किटली घेऊन खात्याखात्यांत फिरायचे आणि चहाबरोबर निरोप पोचायचे. कोणाला पाना हवा, कोण रजेवर, भाजी कसली. आता कॉम्प्युटरात तुझ्या सहा खोल्या, निरोप लिहून टाकायच्या. मशीनचं बोलणं मशीनच्या खोलीत, स्टोअरचं स्टोअरच्या, रजेचं रजेच्या, जेवणाचं जेवणाच्या. चाळीस माणसं एका पत्र्याखाली, खोकलं तरी ऐकू येतं; पण नाही, टाइप करा! काकासाहेब मॅनेजरांनी मलाही बजावलं, "आजी, तुम्ही फक्त चहा द्यायचा. निरोप न्यायचा नाही."

माणसं तरी काय, सगळी जेवणाच्याच खोलीत. बाकीच्या खोल्यांत कोणी डोकावतसुद्धा नाही. परवा सकाळी प्रेसवरच्या रंगनाथच्या मशीनचा पट्टा तुटला. 'नवा पट्टा पाठवा' असं त्याने जेवणाच्या खोलीत लिहिलं, कारण गर्दी तिथं. खाली पुंजारामने विचारलं, भाजी कसली? त्याखाली अकरा जण पिठल्यावरून भांडले, आणि पट्टा पिठल्यात बुडाला. स्टोअरचा भिमाजी मात्र नेमाचा माणूस. नव्या पट्ट्यांच्या ढिगाशेजारी बसून स्टोअरची रिकामी खोली बघत राहिला. चार तास प्रेस बंद! शेवटी दुपारच्या चहाला मीच म्हटलं, "अरे भिमाजी, तिकडं रंगनाथ तोंड वासून बसलाय, पट्टा दे की!"

"आज्जे, मला कुठं काय आलंय? माझी खोली मोकळीच हाय!"

पण उठला, आणि चहा निवायच्या आत प्रेस सुरू.

आता शाबासकी कोणाला? मॅनेजर म्हणाले, ही आजी फिरते म्हणूनच लोकांना खोल्यांची सवय लागत नाही. सोमवारपासून प्रत्येक खात्यात थर्मास, आणि मी कँटीनमध्ये बसायचं, पिठाच्या डब्यांशी गप्पा मारत. नऊ वर्षं फिरले रे मी. दिवसभर भिंतीकडे बघून माणूस जगतो होय?

तुझी,
चांगुणाआजी

ता. क. खरं काम असं. मॅनेजर माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. सोमवारच्या आत फोन कर आणि सांग, की कुठल्या खोलीत काय पडलंय हे दिवसातून तीनदा कोणीतरी पायी फिरून सांगितल्याशिवाय हा प्रोग्राम चालतच नाही. खोटं आहे, पण कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं की लोक खरं धरतात.

ता. क. दुसरा. पट्टा तुटल्याचं रंगनाथने मला सकाळच्या चहालाच सांगितलं होतं. म्हटलं, निरोप न्यायचा नाही असा हुकूम आहे, पाळावा. हे मॅनेजरांना कळू देऊ नको. बोलणी मात्र बिचाऱ्या रंगनाथने खाल्ली. त्याच्यासाठी किलोभर शेव पाठव, डब्यावर नाव तुझं घाल. जाड आणि तिखट बघून घे. गोड काही नको, त्याला शुगर आहे.