मुकादमाच्या नंबरवर आलेला निकाल

९ सप्टेंबर
कर्जतच्या वस्तीवरून स.च्या नवऱ्याचा फोन, कुणाच्या तरी मोबाईलवरून. (तिचं नाव इथे लिहीत नाही. लिहून जे व्हायचं ते झालंय.) खोकला रेकॉर्ड करून टीबी ओळखणारं एका परदेशी कंपनीचं ॲप आमची संस्था वस्त्यांवर वापरते. त्याचा मेसेज ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाला गेला: स.ला टीबीची शक्यता. त्याने पारावर मोठ्याने वाचला. आता या नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ही जोडी, तोडीला नेणार नाही म्हणतो.

नंबर मीच भरला. बायकांकडे फोन नाहीत, नंबराशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून सगळ्याजणींच्या नावापुढे मुकादमाचाच. आम्ही नेहमी असंच करतो. शहाणी मी!

१३ सप्टें.
स.ला सरकारी दवाखान्यात नेलं, थुंकी तपासली. टीबी नाही. कागद मुकादमापुढे धरला. तो म्हणे, "कागद हितला हाय, मेसेज फॉरेनचा हाय." टाळकं सटकलं.
ॲपच्या कंपनीला मेल केला: नोंद पुसा, नंबर काढा.

२४ सप्टें.
कंपनीचं उत्तर. माहिती परदेशातल्या सर्व्हरवर. दोन देशांच्या व्यापार करारात ती तिकडे न्यायची मोकळीक आहे, सगळं नियमात. विनंती विचाराधीन.

संस्थेच्या सावेडीच्या ऑफिसात बसून करार वाचला. जेवण राहिलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचं कलम आहे बरं का! प्रत्येक पक्षाने कायदा ठेवावा. पक्ष म्हणजे देश. मोडलं तर देशाने देशाशी चर्चा करायची. स.ने कुणाकडे जायचं, ते कुठेच नाही. मग आपल्या इथल्या कायद्याचं काय? संस्थेच्या साहेबांना विचारलं. ते: "मॅडम, संमतीवर सही आहे ना?"
सही नाही, अंगठा. तिचा हात मीच धरला होता.

८ ऑक्टो.
परत मेसेज, परत मुकादमालाच: उपचार सुरू केले का?

१९ ऑक्टो.
वस्तीवर गेले. टोळी घेऊन ट्रॅक्टर सकाळीच निघून गेला, स. दारात बसलेली. सांगून टाकलं, नंबर मी भरला. मलाच रडू आलं, लाज वाटली. ती म्हणाली, "मला फोनच न्हवता, तुमी तरी काय करनार." मग, "ताई, तिकडं माजा खोकला अजून हाय?"
"आहे."
"पुढल्या साली तरी पुसत्याल का?"
बघू म्हणाले.

घरी आल्यावर मेल बघितला. विनंती विचाराधीन. सोमवारपासून नवीन वस्तीवर खोकले रेकॉर्ड करायचेत. चौकशी केली, तिथेही फोन मुकादमाचाच.