सगळे म्हात्रे लाल

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
श्यामसुंदर साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, यार्डातून कंटेनर उशिरा निघतात आणि उशीर कोण करतं ते कळत नाही. जो हा रिपोर्ट बनवेल तो नवा ॲनालिटिक्स हेड. बोलताना माझ्याकडेच बघत होते. (मागे उन्नती बसली होती, पण ते वेगळं.)

४ फेब्रुवारी
लॉगिन चालेना. आयटीला फोन केला. जेवायला गेलेत म्हणे. सकाळी?

६ फेब्रुवारी, गुरुवार
लॉगिन झालं. डेटा ब्लेंड करायचा म्हणजे दोन याद्या जोडायच्या. गेटवरची यादी सांगते कुठला ट्रेलर किती उशिरा सुटला, ट्रान्सपोर्टची सांगते तो कोणाचा. गाडीच्या नंबरावरून जोडलं तर सगळं रिकामं. एका यादीत नंबरांना डॅश आहेत, दुसरीत नाहीत. असली साफसफाई हेडने करायची नसते.
उन्नतीने विचारलं, मदत करू का. दिघ्याची पोरगी, अजून परमनंटसुद्धा नाही. नको म्हटलं. नम्रपणे.

७ फेब्रुवारी
जमलं! मालकाच्या आडनावावरून जोडलं; गेटवाले नंबरापुढे आडनाव लिहितातच. आमच्या जासईत गाडीचा नंबर विचारतो कोण? 'म्हात्र्यांची' म्हटलं की पुरे. हे क्लासला शिकवत नाहीत, त्यासाठी इथलाच लागतो. एकही ओळ रिकामी नाही. उलट होत्या त्याच्या कितीतरी पट ओळी आल्या. सॉफ्टवेअर मन लावून काम करतंय.

१० फेब्रुवारी
चार्ट काढले. उशीर करणारे मालक लाल. लाल जरा जास्तच दिसतंय. एकदा तपासावं असं वाटलं, पण उठून दिसतंय ते कशाला बिघडवा.

१२ फेब्रुवारी, बुधवार
प्रेझेंटेशन. टाळ्या. साहेबांनी जागच्या जागी ऑर्डर काढली: लाल मालकांच्या फेऱ्या उद्यापासून बंद. रिपोर्टला असा मान यार्डात आजवर मिळाला नव्हता.
घरी पेढे नेले. बायको सुचिता म्हणाली, कशाबद्दल? म्हटलं, तुला नाही कळणार, ॲनालिटिक्स आहे.

१३ फेब्रुवारी
सकाळी दारात ट्रेलर उभा. आमचाच. सुचिताच्या नावावर आहे, धंदा तीच बघते. घर त्याच्यावर चालतं. माझा पगार आहेच, म्हणा. अख्ख्या आळीत म्हात्र्यांचे ट्रेलर उभे. काका-चुलते ओट्यावर बसून माझ्याकडे नुसते बघत होते.
सुचिता एवढंच म्हणाली, "तुमच्या रिपोटान माजा ट्रेलर लाल का हाय?"
लाज वाटली. पेढ्यांचा बॉक्स फ्रीजवर तसाच आहे.

१४ फेब्रुवारी
उन्नतीकडे गेलो. लंच टायमात, कोणी बघत नसताना. तिने स्क्रीन पाहिली आणि म्हणाली, "सर, एका म्हात्र्याचा उशीर तुम्ही सगळ्या म्हात्र्यांच्या माथी मारलाय."
नंबरांतले डॅश काढून तिने चहा येईपर्यंत याद्या जोडल्या. लाल एकच राहिला, म्हात्रेच, पण आमच्या आळीतला नव्हे. सुचिता हिरवी, सगळ्यांच्या वर. साहेबांना मीच जाऊन सांगितलं की चूक झाली. कोणाची, ते त्यांनी विचारलं तेव्हा तेही सांगावं लागलं. त्यांनी ऑर्डर मागे घेतली. ट्रेलर संध्याकाळीच न्हावा शेव्याला गेला. सुचिता अजून बोलत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
उन्नती ॲनालिटिक्स हेड. तिला वेळीच संधी कोणी दिली, हे भाषणात कोणी बोललं नाही.
मला नवी जबाबदारी, थेट फील्डवर. गेटवर उभं राहून गाड्यांचे नंबर नीट लिहून घ्यायचे. अचूक डेटाची सुरुवात इथूनच होते.
पहिलाच ट्रेलर आमचा आला. ऐटीत पेन काढलं. नंबर आठवेना. ड्रायव्हर अंकुशने खाली उतरून पाटी दाखवली.