उजव्या हातात खडू

सर, तुमचं चित्र शाळेत लागून चार महिने झाले. चित्रकलेच्या वर्गात, फळ्याच्या वर, जिथे आमच्या वेळी रंगचक्राचा तक्ता होता तिथे ते लावलं आहे. चित्रात तुम्ही फळ्यापाशी उभे आहात, अर्धे वळून वर्गाकडे बघता आहात, आणि तुमच्या उजव्या हातात खडू आहे. चित्र मी काढलं. खडू त्या हातात मी दिला. तुम्ही जन्मभर डाव्या हाताने चित्रं काढलीत, डाव्या हाताने फळा लिहिलात, आणि तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर मी तुमचा हात बदलला. इतकंच असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण तुमच्या पत्नीने, आम्हा मुलांच्या मावशींनी, त्याबद्दल विचारलं तेव्हा मी त्यांना खोटं सांगितलं, आणि ते खोटं अजून दुरुस्त केलेलं नाही. त्यांना काय सांगायचं ते ठरवायला बसले होते. त्यांच्यासाठी वाक्य सुचेना म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी आता कागदावर काढत नाही, हे आधी सांगायला हवं. मुलीने नवा टॅब्लेट घेतला तेव्हा तिचा जुना माझ्याकडे आला. काचेची पाटी समजा, आणि तिच्यावर चालणारी, शिसं नसलेली पेन्सिल. बँकेतून घरी आले की जेवण करायच्या आधी अर्धा तास मी तो मांडीवर घेऊन बसते. चुकलं तर काचेवर दोन बोटं टेकवायची, शेवटची रेघ नाहीशी होते. पुन्हा टेकवा, तिच्या आधीचीही जाते. तुम्ही वर्गाच्या दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवायचात आणि आत येताना प्रत्येकाने आपलं खोडरबर त्यात टाकायचं, जाताना घ्यायचं. "रेघ चुकली तर राहू दे तिथेच. तिच्या शेजारी बरोबर काढ. कुठे चुकलास ते दिसायला नको का?" आता माझ्या चित्रांत कुठे चुकले ते कुणालाच दिसत नाही, मलाही नाही. पहिल्या दिवशी त्या टॅब्लेटने मला विचारलं होतं, तुम्ही कुठल्या हाताने काढता? उजवा की डावा? दोन हातांची दोन छोटी चित्रं होती, एकावर बोट ठेवायचं. मला तेव्हा भरून आलं. मुलीला म्हटलं, हे मला आयुष्यात फक्त एका माणसाने विचारलं होतं. मग तिला ती गोष्ट सांगितली, याआधीही अनेकदा सांगितलेली.

सहावीत आहे मी. प्राथमिक शाळेतल्या बाईंनी माझ्या डाव्या हाताला रुमाल बांधून उजव्याने लिहायची सवय लावलेली, ती अक्षराला लागली, चित्राला लागली नाही. तुमच्या पहिल्या तासाला समोर स्टुलावर तांब्या आणि दोन केळी, आणि मी उजव्या हाताने तांब्याचं पोट काढते आहे ते चेपलेल्या डब्यासारखं. तुम्ही माझ्या बाकाशी थांबता. "त्या हाताला काय झालंय? ताप आलाय?" मी मान खाली घालते. "जुन्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, उजव्यानेच काढायचं." "बाईंचा तास संपला. हा तास माझा." तुम्ही खिशातून ब्लेडने तासलेली अर्धी पेन्सिल काढता आणि माझ्या डाव्या हातात देता. मग म्हणता, कागदाच्या उजव्या कडेकडून सुरुवात कर, म्हणजे काढलेल्यावर हात घासून पसरणार नाही. मी अजून तिथूनच सुरुवात करते, सर. काचेवर काहीही पसरत नाही, तरी तिथूनच.

आणि सातवीतलं दुसरंही सांगायला हवं, कारण ते मी मुलीला कधी सांगितलं नाही. स्मरणचित्राच्या तयारीसाठी तुम्ही आम्हाला तुमच्या गावी, निर्मळला, एका वाडीतल्या बावखलाच्या काठावर नेलंत. केळीच्या बागेला पाणी पुरवणारं ते डबकंवजा तळं, त्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, काठाला टेकवलेली एक सायकल. तुम्ही म्हणालात, "दोन मिनिटं बघा. आता पाठ फिरवा आणि काढा." वळून बघणाऱ्याचा कागद तुम्ही उलटा ठेवायचात. माझी सायकल जमेना. ते अर्धवट चित्र घरी पुरं करून आणायचं होतं. मी एका मासिकातलं सायकलचं चित्र खिडकीच्या काचेला लावलं, वर आपला कागद धरला आणि उन्हात गिरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते उचलून बराच वेळ पाहिलंत. मला वाटलं, शाबासकी. तुम्ही कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालात, "काच छान काढते. तू कधी काढणार?" आणि कागद परत दिलात. मारलं असतंत तर विसरले असते.

तर मागच्या वर्षी शाळेने चित्रकलेच्या वर्गाला तुमचं नाव द्यायचं ठरवलं. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लगेच ठरलं की चित्र मी काढायचं. मी लिहिलं, "आठवतील तसे काढते सर." किती नम्र वाटतं ना वाक्य? त्याच आठवड्यात मी आईकडे जाऊन जुन्या अल्बममधून तुमचा फोटो काढून आणला होता, वर्गातला, तुम्ही फळ्यापाशी उभे. टॅब्लेटमध्ये चित्राचे थर असतात, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे. खालच्या थरावर मी तो फोटो ठेवला आणि वरच्या थरावर गिरवलं. खिडकीची काच आणि हे, यात फरक एवढाच की आता उन्हाची वाट बघावी लागत नाही. पहिली रेघ काढताना तुमचं वाक्य आठवलं होतं. मी मनाशी म्हटलं, सगळेच असं करतात, हे तंत्र आहे. तसे पुष्कळजण करतातही, आणि त्यात काही गैर नाही, जर तुम्ही "आठवतील तसे" असं लिहिलेलं नसेल तर.

चेहरा गिरवूनही तुमच्यासारखा दिसेना. मुलगी मागून म्हणाली, "मम्मी, फ्लिप करून बघ ना. आरशातल्यासारखं उलटं होतं, चूक एका सेकंदात दिसते." केलं. खरंच, जबडा एका बाजूला ओघळला होता, एक डोळा वर. त्या उलट्या चित्रातच मी तासभर दुरुस्ती करत बसले आणि शेवटी तुम्ही आलात, ते अर्धं हसू आलं. आनंदाने मी फोटोचा थर पुसून टाकला, रिकाम्या फळ्यावर माझ्या अक्षरात "स्मरणचित्र" लिहिलं आणि चित्र छापायला पाठवलं. परत सुलटं करायचं राहून गेलं.

समारंभाला सगळे आले होते. वर्गातली एक जुनी मैत्रीण म्हणाली, "अगं, आम्हाला तर सर असे हसताना कधी दिसले नाहीत, तुलाच बरे दिसले!" एकजण म्हणाला, "माझंही काढ, फक्त केस जरा सढळ हाताने दे." मुख्याध्यापिका माइकवर म्हणाल्या की हे चित्र समोर एकही फोटो न ठेवता, केवळ स्मरणातून काढलेलं आहे, आणि टाळ्या वाजल्या. मी पहिल्या रांगेत होते. उठून सांगता आलं असतं, निदान नंतर त्यांच्या कानात सांगता आलं असतं. मी हात जोडले.

मावशींना खुर्चीवरून उठवून कुणीतरी चित्रापाशी आणलं. त्या आता काठी घेऊन चालतात. चष्मा वरखाली करत खूप वेळ बघत राहिल्या. "डोळं तर तेच गं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पन खिसा?"

"काय झालं, मावशी?"

"खिसा मी उजवीकडं लावायची. शिंपी हसायचा, म्हनून सगळं सदरं घरीच शिवायची. डाव्या हातानं पेन काढायला बरं पडायचं त्यांना." त्यांनी काठीचं टोक उचलून तुमच्या खडूकडे दाखवलं. "आन हा हात. हा तर त्यांनी जेवायला नि क्रूसाची खून करायला तेवढा वापरला."

तेव्हा मला दिसलं. चित्रात तुमचा खिसा डावीकडे होता, सगळ्यांचा असतो तसा. खडू उजवीकडे होता, सगळ्यांचा असतो तसा. म्हणून तर शंभर माणसांना काही खटकलं नाही. मावशींनी वर्षानुवर्षं वेगळा शिवलेला तो सदरा मी दुकानातला करून टाकला होता. आणि माझ्या तोंडून सहज निघालं, "मुद्दाम केलंय, मावशी. चित्राचा तोल साधायला तसं करावं लागतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं होय. तुमच्यात करत असतील तसं." मग माझा डावा हात हातात घेऊन थोपटला. "ते म्हनायचे, माझ्यासारखी एक डावरी पोरगी आहे वर्गात, ती काढायचं सोडनार नाय. जा, पानी पी, घाम आलाय बघ तुला."

त्या दिवसापासून मी निर्मळला गेलेले नाही. मावशींचं घर तिथे तलावाजवळच्या रस्त्यावरच आहे, ओट्यावर बसून त्या दुपारी फुलांच्या पुड्या बांधायला मदत करतात. आईकडे जाताना मी स्कूटर त्या तलावाकडून न नेता लांबून नेते. आईने विचारलं, उशीर का? म्हटलं, रस्ता खणलाय. म्हणजे आता आईशीही खोटं. मुलीला एवढंच सांगितलं की चित्र उलटं छापलं गेलं. ती म्हणाली, "मग काय? एक टॅप. फ्लिप कर, परत प्रिंट मार. टेन्शन काय घेतेस!" ते मी केलंसुद्धा, फळ्यावरचा शब्द तेवढा नव्याने लिहून. सुलटं केलेलं चित्र छापून आलं, गुंडाळी कपाटामागे उभी आहे, सात आठवडे झाले. शाळेत फोन करून चित्र बदलायला सांगणं सोपं आहे. मावशींकडे जाऊन "फ्लिप करायचं राहिलं, मावशी, मशीनची गंमत" म्हणणंही तितकंसं अवघड नाही. त्या हसतील, मला चहा देतील. तरी मी जात नाही, आणि का जात नाही हे मला गेल्या रविवारपर्यंत स्वतःलाही नीट कबूल करता येत नव्हतं.

रविवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. तुमचा फोटो भिंतीला टेकवला, घड्याळ लावून दोन मिनिटं पाहिला, मग पाठ फिरवून कागदावर काढायला बसले. कागद मुलीच्या जुन्या वहीचा. चेहरा कुणाचाही आला, एखाद्या पोस्टमनचा वाटतो. पण खिसा उजवीकडे आला आणि खडू डाव्या हातात आला, आणि तळहाताची कड काळी झाली. तेव्हा लक्षात आलं की हा फोटो मी पहिल्यांदाच बघते आहे. दहा दिवस मी त्याच्यावरून पेन फिरवलं होतं, एकेक सुरकुती गिरवली होती. तुमच्या डाव्या हाताची बोटं मी स्वतः गिरवली, सर, नखांसकट, आणि तो डावा हात आहे हे मला दिसलं नाही.

मग मी ती पेन्सिलीची गोष्ट आठवून पाहिली, मुलीला नेहमी सांगते ती. तुम्ही खिशातून पेन्सिल काढली. कुठल्या हाताने? मी गोष्टीत ते कधी सांगतच नाही. पेन्सिल दिल्यावर तुम्ही आपला डावा पंजा माझ्यासमोर धरला होतात, करंगळीपासून मनगटापर्यंत कड शिसाने काळी झालेली, आणि म्हणाला होतात, "हे बघ, मीपण." ते शब्द मला रविवारी आठवले, इतक्या वर्षांनी. सांगता सांगता ती गोष्ट एका डावऱ्या मुलीची आणि एका दयाळू मास्तरांची झाली होती. त्यातला दुसरा डावरा कधी गळला, कळलं नाही. मी उरले.

म्हणून मावशींना "राहून गेलं" असं सांगितलं तर तेही खोटंच होईल. फ्लिप राहून गेलं हे खरं आहे. पण चित्र छापून आलं तेव्हा मी ते दोन दिवस घरी भिंतीला लावून पाहत होते आणि मला ते बरोबर वाटलं होतं. मावशींनी काठीने खडू दाखवला तेव्हा, "मुद्दाम" म्हणायच्या आधी, एक क्षण मी मनात शोधलं होतं की तुमचा हात कुठला. त्या क्षणात मला काहीच सापडलं नव्हतं.

हे पान रोजनिशीतच राहील. मावशींना ते देता आलं असतं; त्यांना वाचता येतं, चष्मा लावून त्या प्रार्थनेचं पुस्तक रोज वाचतात. तुम्हाला मात्र वाचून दाखवायला कुणी नाही, हे बरं आहे असं मला लिहिताना दोनदा वाटून गेलं.