काळीतलं घर

१९ जानेवारी २०२५

पेन्सिल भिंतीत गेली!

मागच्या खोलीत वह्या तपासत बसले होते. पेन्सिल खिडकीच्या कडेला टेकवून ठेवली, तर ती घसरली आणि भिंतीत शिरली. आत कुठेतरी खाली टक् असा आवाज आला. मी बघतच राहिले. खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग. घराला अजून नऊ महिनेही झाले नाहीत! आखाजीला, ऐन अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर वास्तुशांत केली, दोनशे माणूस पुरणपोळी जेवून गेलं — आणि भिंत पेन्सिल गिळतेय!

२० जानेवारी

ललितला दाखवली. (वहीत नाव घेते, समोर 'अहो'च.) शांतपणे म्हणाला, "नवीन प्लॅस्टरले तडे जातसच." पुट्टी भरली. वर कॅलेंडर टांगलं.

११ फेब्रुवारी

पुट्टी गळून पडली. आता बोट जातं.

सासूबाईंना, धनुबाईंना, कळवलेलं नाही. कळवू कोणत्या तोंडानं? धनुबाई अजून गावठाणातच राहतात, जुन्या घराच्या उरलेल्या एका खोलीत. मागच्या उन्हाळ्यात जुनं घर पाडायला घेतलं तेव्हा अडूनच बसल्या. "मन्ही खोली राहू द्या. अन् मांगलं आंगणबी." सगळ्या गावानं तोंडात बोट घातलं — सुनेनं रस्त्याकडेच्या वावरात बंगला बांधला आणि सासू मातीच्या खोलीत! मला किती बोलणी बसली त्याचा हिशोब नाही. त्यांनी एक बकरी पाळलीय आणि मागच्या अंगणात लांब लांब चार खुंट्या ठोकल्यात. एका बकरीला चार खुंट्या! रोज नवी जागा लागते वाटतं तिला. माझ्यासारखीच हौशी.

बंगल्याचा नकाशा मी स्वतः नेऊन दाखवला होता त्यांना. डाळ निवडत होत्या. मान वर केली नाही. नुसतं म्हणाल्या, "काळी पोटले शे, चारू, पाठले नही." काळी जमीन पोट भरायला, पाठ टेकायला नाही. मला वाटलं, जळतेय म्हातारी.

२ मार्च

आज घर तपासून घेतलं.

नवापूरचा रिषभ आला होता. आमच्या लेकीच्या, अल्पनाच्या कॉलेजातला, घरचं सिमेंट-लोखंडाचं दुकान, स्वतः इंजिनियर. चहाही न घेता घराभोवती फिरला. ओट्यावर काचेची गोटी ठेवली, ती आपली आपण निघाली पूर्वेकडे. मग विचारलं, "काकू, बांधायच्या आधी माती तपासली होती का?"

"म्हणजे काय!" मी म्हटलं. "शेतकऱ्याचं घर आहे हे." कपाटातून मृदा आरोग्य पत्रिका काढली. लॅमिनेशन केलेली! नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सगळं. खाली शेरा — जमीन उत्तम. ह्या कार्डाच्या भरवशावर तर ह्या वावरात घर बांधलं. इतकं चांगलं वावर घराला दिलं म्हणून मला अभिमान होता.

रिषभनं कार्ड वाचलं. उलटं करून मागची बाजूही वाचली. मग अगदी हळू म्हणाला, "काकू, हे पपईसाठी आहे."

"माती तीच ना पण?"

"तीच. म्हणून तर. पिकाला जितकी चांगली तितकी घराला वाईट. ही पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. वर्षातनं एकदा घर उचलून धरते, एकदा सोडून देते." मग ललितला विचारलं, "पाया कुठपर्यंत नेला?"

"मुरूम लागेपर्यंत," ललित म्हणाला.

मी कार्ड उचलून परत कपाटात ठेवलं.

३ मार्च

मुरूम लागलाच नव्हता.

हे ललितला माहीत नाही. पाया खणला तेव्हा तो पपईची रोपं आणायला गेला होता. खणणारा उदेसिंग, अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला. पाच फुटांवर थांबला, पहार उभी मारली आणि कान देऊन ऐकलं. "मास्तरीणबाई, गपच शे. कडक मुरूमवर पहार वाजाले पाहिजे. अजून खोदनं पडी." मला आखाजीचा मुहूर्त दिसत होता. मी त्याला कार्ड दाखवलं — हो, त्याला, ज्याला वाचता येत नाही त्याला! "सरकारनं उत्तम लिहून दिलंय. भर आता." त्यानं कार्डाकडं बघितलं, पहारीकडं बघितलं, आणि भरलं.

७ मार्च

सहावीला आज 'माती'चा धडा आला. खडू हातात घेतला आणि हात थांबला. 'काळी माती ओलावा धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात.' एकोणीस वर्षं लिहितेय मी हे फळ्यावर! एकोणीस वर्षं! पोरांना ग्लासात माती भिजवून फुगताना दाखवते, टाळ्या वाजवायला लावते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

आज ग्लास दाखवला नाही. डोकं दुखतंय म्हणून वाचन दिलं.

१६ मार्च

पपईच्या वावरात गेले होते. झाडं अशी लागलीत की खोडाला फळं मावत नाहीत. ललित खुशीत: "पांढरीनी करामत!"

आणि मी वाकून मूठभर माती हातात घेतली.

पांढरी म्हणजे गावठाणाची माती. राख, शेण, पडलेल्या भिंती. पिढ्यान् पिढ्या माणसं राहून राहून झालेली. पिकाला खत म्हणून कुणीही नेतं. आम्हीही जुनं घर पाडलं, भिंती आणि पुढचं सगळं अंगण खणलं, ट्रॉल्या भरभरून वावरात पसरलं. शहाणपणाचं काम म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. पण ही पांढरी फुगत नाही, आकसत नाही. म्हणूनच तर जुन्यांनी तिच्यावर घरं बांधली आणि काळीवर नांगर धरला.

आम्ही काय केलं? घराची माती पिकाला घातली आणि पिकाच्या मातीवर घर बांधलं! बरोब्बर उलटं! एक तरी गोष्ट चुकून बरोबर व्हावी की नाही!

आता गावठाणातल्या आमच्या जागेवर पुरुषभर खड्डा आहे. परत जायचं म्हटलं तरी जाणार कुठे?

२६ जून

भेग बुजली!!

दहा दिवस पाऊस चाललाय. आज कॅलेंडर काढलं तर नुसती केसाएवढी रेघ. ललितनं शहाद्याहून पेढे आणले, आळीत वाटले. मीही खाल्ले दोन. रिषभला फोन केला — "बघ रे, बरी झाली भिंत!" त्यानं आधी विचारलं, पाऊस किती दिवस चाललाय. मग म्हणाला, "काकू, माती फुगली. दिवाळीनंतर वाळेल तेव्हा सांभाळा. मागच्या खोलीत कुणी झोपू नका."

उरलेले पेढे डब्यात झाकून ठेवले.

१७ ऑगस्ट

अल्पना आली. सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरीच. तिच्यासाठी मागची खोली किती हौसेनं केली होती! गुलाबी रंग, खिडकीखाली पलंग, खिडकीवर सामानाला माळा. रिषभचं म्हणणं तिला सांगितलं नाही. ललित म्हणतो, भेग तर दिसत नाही, इंजिनियर लोक घाबरवतातच. मलाही तेच ऐकायचं होतं.

पण दार उघडेना! चौकट दाबून गच्च बसलीय. ललितनं खांदा दिला, सुताराला बोलावलं. तो म्हणाला, आत्ता तासलं तर नंतर फट राहील. सासूबाई पोरीला बघायला आल्या होत्या. दारावर तळहात ठेवला. "पोर मन्हाकडे राही."

माझा तोल सुटला. टाइल्सचा बंगला सोडून माझी गर्भारशी लेक बकरीशेजारी राहणार? नको ते बोलले. "तुम्हाला आमचं चांगलं बघवतच नाही," असंही बोलले. त्यांनी अल्पनाची पिशवी उचलली आणि चालू लागल्या. आणि माझी लेक — बघा! — निघाली की मागे मागे.

१४ ऑक्टोबर

मुलगी! अडीच किलो. दोघी सुखरूप. शहाद्याच्या दवाखान्यातून थेट सासूबाईंच्या खोलीत. माझ्या दारावरून रिक्षा गेली.

५ डिसेंबर

दार उघडलं! आज सकाळी हात लावला तर आपलं आपण. भेग आहे, पण पुट्टीखाली झाकली. मी आणि ललितनं पलंगावर नवी गादी घातली, पाळणा टांगला. उद्या माय-लेकीला आणायचं. ललित सासूबाईंशी बोलून आला. त्या 'हो' म्हणाल्या नाहीत, 'नाही'ही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "सकाळी, का दुपारी?" "दुपारी." "बरं," म्हणाल्या.

आता तरी लोकांची तोंडं बंद होतील.

६ डिसेंबर

लिहिता येत नाही.

सकाळी दहाला. मी स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होते. धड्‌ड! खिडकीवरचा माळा विटांसकट खाली आला. पलंगावर. बरोब्बर उशीच्या जागी. पाळण्याची एक दोरी तुटून पाळणा वाकडा लोंबत होता, आत विटेचा तुकडा.

दुपारी आणणार होतो. दुपारी!

७ डिसेंबर

ललितला पाया अर्धवट खणल्याचं सगळं सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर

आम्ही सगळे सासूबाईंच्या खोलीत. चार माणसं आणि बाळ. एक भेग नाही कुठे! शोध शोध शोधली.

मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी फार बोलले." त्या बाळाला तेल लावत होत्या. "डिंकना लाडू धुळमा गयात का सगळा?" विचारलं. मी हो म्हटलं. "मंग परत कर." बस. एवढंच.

ललित दारात बसून होता. "माय, बांधसू तरी कोठे? पुढली सगळी जागा खंदी टाकी."

"उदेसिंगले बलाव," त्या म्हणाल्या.

२१ डिसेंबर

उदेसिंग आला. मला वाटलं होतं खड्डा बुजवायला बोलावलाय. तो खड्ड्याकडे गेलाच नाही. सरळ मागच्या अंगणात गेला, बकरी सोडून माझ्या हातात दिली आणि एका खुंटीला सुतळी बांधून दुसरीकडे चालू लागला. मी विचारलं, हे काय? तो माझ्याकडे बघायला लागला.

"तुमले माहीत नही? मांगला साले आजीनी बलायं व्हतं माले, ट्रॅक्टर येवाना पहिले. चारी कोपरासले पहार मारी दखी. चारी जागे वाजनी. मंग ह्या खुंट्या ठोक्यात."

ललितनं टेप धरली. चाळीस बाय तीस. माझ्या बंगल्याचा नकाशा. तोच — जो त्यांनी बघितला नाही असं मला वाटलं होतं.

सासूबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. मान वर केली नाही. मला रडू आवरेना, बकरीची दोरी हातात धरून मी तशीच उभी. शेवटी शेजारच्या कुंपणाच्या एका खुंटीला बांधली तिला. एका बकरीला एक खुंटी पुरते.