चौसष्टवर साठवलेला आवाज

गुरुजी, रामनगरातल्या माझ्या दुकानात बसून हे लिहितोय. समोर संगणक आहे, मागं भिंतीला टेकून माणसाएवढे सहा स्पीकर उभे आहेत, आणि तुमचा शिष्य लग्नसराईसाठी गाणी नीट करतोय. म्हणजे नाचाची गाणी. दचकू नका, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता रक्तदाबाची काळजी नाही. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, "गाणं नीट करतात म्हणजे काय? ते आधी बिघडलेलं असतं का?" असतं, गुरुजी. बहुतेकदा असतं. आज तेच सांगायचंय, आणि मधे तोडायची सोय तुम्हाला नाही, म्हणून सलग सांगतो.

सुपा गावातलं घर धरणात बुडाल्यावर तुम्हाला इथं दोन खोल्या मिळाल्या, आणि सकाळी सहाचा पाठ त्यातल्या स्वयंपाकघरात भरायचा, कारण पावसाळ्यात कोरडी जागा तेवढीच. चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटतेय, आम्ही भिंतीशी ओळीनं बसलोय, आणि तुम्ही मंत्र सरळ म्हणवून घेताय, मग दोन-दोन शब्दांच्या जोड्या करून, मग उलट, मग पुन्हा सरळ. एक अक्षर गळलं तर उलट येताना तिथं जीभ अडखळणारच, ही त्यातली मेख. मी एकदा शेवटचा विसर्ग गिळला. तुम्ही हात वर केला. "पहिल्यापासून." मी म्हटलं, "गुरुजी, एवढासा तो श्वास, ऐकू कुणाला येतोय?" तुम्ही म्हणालात, "ऐकू येत नाही तेही म्हणायचं असतं. गिऱ्हाइकाचा कान बघून म्हणायला तू काय बाजारात बसलायस?" चुलीपासून काकू म्हणाल्या, "अहो, पेज निवली. त्याचा विसर्ग उद्या म्हणेल तो." तुम्ही त्यांचं ऐकलं नाहीत. मी पहिल्यापासून म्हटलं आणि गार पेज प्यायलो. आता मी खरोखरच बाजारात बसलोय, बसस्टँडसमोर. ही एक गोष्ट तुम्ही बरोबर ओळखलीत.

दुसरी मात्र चुकलात. कुंभारवाड्याचं ते लग्न आठवतं? अंतरपाटापाशी तुम्ही, मांडवाच्या कोपऱ्यात माझे पहिले दोन स्पीकर. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या आणि मी लगेच गाणं लावलं. तुमचा आशीर्वाद त्यात बुडाला. तुम्ही तिथूनच, भर मांडवात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "याच्या कानांची मी दहा वर्षं मशागत केली, आणि यानं त्यात भोंगे पेरले!" मांडव हसला. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं. पण त्यानंतर तुम्ही मला ये म्हणाला नाहीत आणि मी आलो नाही.

म्हणून उत्तर आज देतोय. गाणं फाइलीत भरताना त्याला दर सेकंदाला किती जागा द्यायची, तो आकडा आधी ठरवावा लागतो. पुरी जागा दिली की आवाज जसाच्या तसा उतरतो. कमी दिली की संगणक ठरवतो, हे माणसाला ऐकू येणार नाही, टाका कापून. तीनशे वीसच्या आकड्यावर थोडं कापतो, एकशे अठ्ठावीसवर बरंच, चौसष्टवर तर लाजलज्जा सोडून. आकडा जेवढा लहान तेवढे विसर्ग गिळलेले, असं समजा. फोनवर कळत नाही. माणसाएवढ्या स्पीकरवर झांज पत्रा हलवल्यासारखी वाजते. त्याहून मोठी लबाडी म्हणजे कापलेली फाइल घेऊन ती तीनशे वीसवर पुन्हा भरायची. आकडा वाढतो, फाइल फुगते, गेलेलं परत येत नाही. पॉलिश केलेल्या तांदळाला त्याचा तांबूसपणा परत चिकटवत बसण्यातला प्रकार. तरी लोक करतात, आणि मी पकडतो.

गणेशगुडीच्या एका लॉजचा मॅनेजर मला फोनवरून फोनवर फिरलेली गाणी पाठवतो. मी परत पाठवतो. तो वैतागून म्हणाला, "अण्णा, वाजतंय न्हवं? मग झालं की! नाचणारी मानसं हायत, तुमची परीक्षा घ्याला आल्यात काय?" मी म्हटलं, "परीक्षा देऊन झाली माझी. मूळ फाइल आन, न्हाईतर दुसरा गडी बघ." त्यानं मूळ फाइल आणली. या धंद्यातले बाकीचे मला शास्त्री म्हणतात. "शास्त्रीकडं फाइल दिऊ नका, आदी तिला आंघोळ घालतोय." घालतो. नवी फाइल तयार झाली की मूळ आवाजाची लाट उलटी, म्हणजे वरची खाली करून तिच्यावर ठेवतो. दोन्ही सारखे असले तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि पूर्ण शांतता होते. शांतता झाली नाही तर जे कुजबुजत उरतं ते कापलेलं. सरळ आणि उलट, गुरुजी. हे मला कुठल्या संगणकाच्या क्लासनं नाही शिकवलं. तुमच्या वर्गातले बाकीचे आज सत्यनारायण उरकताना निम्मी अक्षरं खातात. अक्षर न गाळणारा शिष्य उभ्या तालुक्यात एकच निघाला, आणि तो भोंगेवाला आहे. घ्या.

एवढ्यावर हे पत्र संपवणार होतो. पण गेल्या आठवड्यात तुमची लेक, आमची अक्का, खानापुराहून आली. देवळाचा नवा सभामंडप झालाय. "पहिला आवाज बाबांचाच घुमू दे त्यात," म्हणाली. "आईनं त्यांच्या पाठाची कॅसेट तुझ्याकडं दिली होती ना रे?" दिली होती. तुम्ही गेल्यावर काकूंनी ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "त्यांच्या बोलण्याचा राग धरू नकोस. आवाज तेवढा नीट ठेव." कॅसेट त्याच आठवड्यात संगणकात भरली आणि माळ्यावर टाकली. इथल्या पावसात तिला बुरशी लागून टेप चिकटली. उरली फक्त माझी फाइल.

काल ती मी सभामंडपात लावली, माझ्या सगळ्यात चांगल्या स्पीकरांवर. तुम्ही आलात, पण पाण्याखालून बोलल्यासारखे. श, ष, स सगळ्यांची मिळून एकच सळसळ. विसर्ग एकही नाही. फाइल उलटी करून ताडायला मूळच शिल्लक नाही, त्यामुळे नेमकं काय कापलं गेलं ते मलाही कधी कळायचं नाही. अक्कानं डोळे पुसले आणि म्हणाली, "जुनी कॅसेट ना, तेवढं व्हायचंच." मी म्हटलं, "व्हय अक्का. जुनी कॅसेट."

भोंग्यांबद्दल माफी मागणार नाही. तुमचा आशीर्वाद बुडवला त्याबद्दलही नाही, तो तुम्ही जरा लांबवलाच होता. हे पत्र घडी घालून कॅसेटच्या रिकाम्या डबीत ठेवतोय. डबीवर काकूंच्या अक्षरात 'यांचा पाठ' एवढंच लिहिलंय. अक्काला मी अजून काही सांगितलेलं नाही. त्या वेळी संगणकात जागा थोडी होती, कुंभारवाडा अजून डोक्यात होता, आणि नाचाची गाणी मला तीनशे वीसवर बसवायची होती. म्हणून तुम्हाला चौसष्ट दिलं. मी दिलं. कॅसेट स्वच्छ होती, गुरुजी. तिच्यात प्रत्येक विसर्ग होता.