खाणीतले रोहू

४ जानेवारी १९८६, शनिवार

आज पाणकावळ्याला दगड मारला. वर्मी लागला. मान मोडून पडला तो खाणीच्या काठावरच काठीला उलटा टांगला — बाकीच्यांना कळू दे! बायको, कमळा, म्हणाली, एवढा राग पाखरावर कशाला. माझा एकेक रोहू त्याच्या घशात जातो, आणि मी काय ओवाळू त्याला?

आठशे बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली होती ऑगस्टात. चिऱ्याची खाण सासऱ्यांची. दगड संपला, खड्डा उरला, पावसाळ्यात भरला. दाभोळला सगळ्या होड्यांवर हसं झालं — खंडू आता डबक्यात मासे पाळणार! सगळ्यांत मोठ्यानं भिवादादा हसला. सख्खा भाऊ, होडीचा तांडेल. गेल्या शिमग्याला त्याच्या डोक्यात वल्हं घातलं, सात टाके पडले. त्या दिवसापासून दर्या सोडला आणि इथे गुहागरच्या बाजूला सासुरवाडीला येऊन राहिलो. हे मासे झाले नाहीत तर परत त्याच्याच होडीवर, त्याच्याच शिव्या खात जाळं ओढायचं. त्यापेक्षा खाणीत उडी घेईन.

७ जानेवारी

पेंडीची नवी पोती आली. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा. फिशरीजवाल्यांच्या कागदात लिहिलंय — चारा सुका ठेवावा, ताजा द्यावा. लिहिणाऱ्यानं कधी गळ तरी टाकलाय का! बाबा कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायच्या सापळ्याला माशाचं कुजकं डोकं बांधायचे. म्हणायचे, जितकी घाण तितकी ओढ. ताज्या आमिषाला कोण विचारतो? मी पोती पाण्यात बुडवून खोपटात रचतो. आठ दिवसांत वास सुटतो, हिरवी-काळी लव धरते. मग टोपलीनं खाणीच्या वरच्या, मोठ्या डोहात टाकतो. मासे तुटून पडतात. आहे कुणाची टाप मला मासा शिकवायची?

११ जानेवारी

पोटं फुगलीत! सकाळी काठाशी आले तेव्हा स्वतः पाहिलं. वीसेक तरी असतील, पोट टम्म. गाभोळी भरली, अंडी धरली!

कमळा म्हणाली, पाच महिन्यांच्या माशाला एवढ्यात गाभोळी कशी, एक कापून तर बघूया. मी जेवत होतो. ताट भिरकावलं. भिंतीवर आमटी. भरल्या पोटाचा मासा कापायचा नाही हे कोळ्याच्या लेकीला मी सांगायचं? तिनं उठून भिंत पुसली.  मला लाज वाटली, पण सांगितलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला! गंगाराम आला होता. खाणीच्या खालच्या अंगाला त्याची पोफळीची बाग. येत्या उन्हाळ्यात खाणीचं पाणी बागेला दे म्हणाला होता, मी नाही म्हटलं होतं. पाणी गेलं तर मासे कुठे ठेवू, डोक्यावर? तेव्हापासून बोलणं तोडलं होतं. आज हातावर तिळगूळ ठेवला आणि लगेच सुरू — पेंडीला बुरशी आलेय, सगळ्या आळीत घाण सुटलेय, चार दिवस चारा बंद ठेव, मासा पोटातून बिघडतोय.

पोफळीवर चढणारा मला मासा सांगतो! तिळगूळ त्याच्या अंगावर फेकला. त्याची बायको मथुरा कुंपणाशी उभी होती, तिनं पाहिलं. पाहू दे.

१६ जानेवारी

अकरा मेले.

१७ जानेवारी

सव्वीस. खवले उभे राहिलेत, अंगापासून सुटे. डोळे बाहेर. काही अजून जिवंत आहेत आणि उलटे पोहतात. त्यांना दांडक्यानं मारलं. एकेकाला. डोक्यावर. बघवत नव्हतं. मारतानाही बघवत नव्हतं.

कुणीतरी विष घातलंय. शेराच्या झाडाचा चीक ओतला असेल. माझ्या पोटावर पाय आलेला बघून गार वाटणारा एकच माणूस आहे या आळीत.

१८ जानेवारी, शनिवार

आज सगळं लिहून ठेवतो.

सकाळी सातला खाणीवर गेलो तर गंगाराम खालच्या टप्प्याशी वाकलेला. तिथे चिऱ्याची कड आहे, कडेपलीकडे लहान डोह; पावसात काही बोटुकली कड ओलांडून तिथे गेलेली. त्याच्या हातात बादली. पाण्यावर पांढरं पसरलेलं. वरच्या डोहात मेलेले मासे इतके, की पाणी दिसेना.

मी ओरडलो नाही. खोपटातून पहार काढली. तो वळला, म्हणाला, "खंडू, चुना हाय रे, पोफळींना लावायला भिजवलेला, नुसता चुना." मी पहिला घाव मांडीवर घातला. बादली पडली. दुसरा गुडघ्यावर. आवाज आला, लाकूड मोडतं तसा. तो चिऱ्यावर पडला आणि हातानं डोकं झाकून घेतलं. मी पाठीवर घातला, खांद्यावर घातला, परत त्याच गुडघ्यावर घातला. किती ते मोजलं नाही. तो शिव्या देत नव्हता. मला त्याचाच राग येत होता — दे ना शिवी! पांढरा चुना आणि लाल रक्त एकत्र होऊन उतारानं पाण्यात जात होतं.

कमळानं मागून माझ्या कमरेला मिठी मारली. तिलाही कोपर लागलं, ओठ फुटला. मग पहार सोडली.

चौघांनी त्याला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं. तिथून टेम्पोनं रत्नागिरीला.

१९ जानेवारी

हात सुजलाय. पेन धरवत नाही. पस्तावा नाही. मासे माझे होते.

२१ जानेवारी

पोलीस आले नाहीत. का नाही? आळीत कुणी तोंडाकडे बघत नाही. वाण्यानं बिडी दिली ती फळीवर ठेवून, हातात नाही.

कमळानं माझ्याशी न बोलता फिशरीजला निरोप पाठवला होता. उद्या रत्नागिरीहून कुणी येणार. बरं झालं. सरकारी कागदावर विष लिहून देतील, मग बघतो गंगारामला.

२२ जानेवारी, बुधवार

फिशरीजच्या बाई आल्या. तरुण आहेत, जेमतेम पंचविशीच्या. काठावर बसून लहान कात्रीनं मासे कापले, पाच-सहा. मी म्हटलं, गाभोळी बघा. त्या म्हणाल्या, गाभोळी कुठली, नुसतं पाणी भरलंय पोटात. खरंच पाणी होतं, पिवळसर. आतडं ओढून दाखवलं — पातळ, फिकट, आत शेंबडासारखं. काळीज, म्हणजे यकृत, मातकट. बोटानं दाबलं तर फुटलं.

मग खोपटात गेल्या. पोत्यात हात घातला, नाकाला लावला, बाहेर आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "विष पाण्यात नाही, या पोत्यांत आहे. महिनाभर तुम्हीच खायला घालताय."

बुरशीनं आधी काळीज जातं, मग आतडं सोलतं, असं त्या सांगत होत्या. आतडं धड असलं तर मासा साध्या रोगाला दाद देत नाही. ते गेलं की पाण्यातला नेहमीचा जंतूही त्याला मारून टाकतो. दर्यातला मासा वास धरून येतो आणि मरायलाच येतो, बाई म्हणाल्या, त्याला एकदाच खाऊ घालायचं असतं. पाळलेल्याला रोज. हे मला सुचलं नाही. वीस वर्षं मी माशाला फक्त मारायला खाऊ घातलं!

मग त्या खालच्या डोहाशी गेल्या. तिथे मासे जिवंत. चाळीसेक असतील, चपळ, पोटं सपाट. तिथे मी चारा टाकत नव्हतो, गंगारामच्या कुंपणाजवळ म्हणून. कडेवर पांढरे ओघळ सुकलेले. बाईंनी विचारलं, चुना कुणी टाकला. मी कुंपणाकडे बघितलं. "ज्यानं टाकला त्याला कळतं," त्या म्हणाल्या. "मी आज तेच सांगणार होते — चारा बंद आणि बेतानं चुना."

कमळा माझ्याकडे बघत होती. फुटलेल्या ओठानं.

२३ जानेवारी

दिवसभर खड्डा खणला. पोती जाळली. मेलेले मासे पुरले. पहारीनंच खणलं, दुसरी नाही घरात. दुपारी ओकलो.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळच्या एसटीनं रत्नागिरीला गेलो. इस्पितळात पाऊण तास व्हरांड्यात उभा. आत जायची हिंमत होईना. ज्या माणसाला मी जमिनीवर पडलेला मारला त्याच्यासमोर उभं राहायची मला भीती वाटत होती. मला! भिवादादाच्या डोक्यात वल्हं घालताना नव्हती वाटली.

शेवटी गेलो. कमरेपासून खाली प्लास्टर. डावा खांदा बांधलेला. मथुरा उठून बाहेर गेली, माझ्या अंगावरून, जणू तिथे कुणी नाहीच. डॉक्टरांनी सांगितलंय — गुडघा वाकणार नाही. म्हणजे पोफळीवर चढणं संपलं. चाळीस पोफळींवर त्यांचं घर चालतं.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "खालचे वाचले काय रे?"

मी मान हलवली. तो म्हणाला, "बरा झाला." मग डोळे मिटले. मी पलंगाच्या लोखंडी दांड्यावर कपाळ आपटलं, दोनदा-तीनदा. नर्सनं हाताला धरून बाहेर काढलं.

एसटीत रडलो. शेजारचा माणूस जागा बदलून बसला.

२७ जानेवारी

पोलीस का आले नाहीत ते आज कळलं. गंगारामनं जबानी दिलीय — सुपारी काढताना पोफळीवरून पडलो. सही केलीय. कमळाला कुणीतरी सांगितलं, तिनं मला. त्यानं असं का केलं ते तिला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही तुरुंगात गेलात तर भांडण दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहील, त्याला तेवढं कळतं.

म्हणजे मी सुटलो! आळीला ठाऊक, कमळाला ठाऊक, आणि कागदावर मी सुटलो. बरं वाटायला पाहिजे होतं. दिवसभर खालच्या डोहाशी बसून राहिलो. मासे हाताजवळ येतात. चारा मागतात. त्यांना काय ठाऊक मी कोण!

२८ जानेवारी, मंगळवार

मथुरा काल गुहागरला जाऊन आली. नवऱ्याची जबानी खोटी आहे असं तिनं ठाण्यात सांगितलं. माझं नाव घेतलं, पहार सांगितली. दोघांत खोटं कोण ते विचारायला हवालदार आलाय, ओसरीवर चहा पितोय. माणूस बरा आहे. आत्ताच हळूच म्हणाला, जखमी माणूसच पडलो म्हणतोय, तुम्ही फक्त नाही म्हणा, प्रकरण मिटेल.

मथुरा खरं बोलते, एवढं त्याला सांगितलं. तो चहा संपवतोय तोवर हे लिहितोय. कमळा माझ्या कपड्यांची पिशवी भरतेय. तिला सांगितलंय, खालच्या माशांना कोंडा उन्हात सुकवून घाल, आणि मूठभरच.