राजीनाम्याचा कोरा कागद

११ मार्च, सोमवार
हेडक्लार्कनं कोरा कागद पुढे सरकवला. राजीनामा स्वतःहून लिहा, अब्रू राहील, नाहीतर काढावं लागेल म्हणे. दवाखान्याच्या अकरा चादरी इस्त्रीखाली करपल्या आणि गठ्ठ्याला माझा लाल दोरा! आमच्या धुलाईखान्यात प्रत्येकीचा दोरा ठरलेला. एकोणीस वर्षांत मी रुमालसुद्धा जाळला नाही. शुक्रवारपर्यंत मुदत आहे.

१२ मार्च
फाटकं शिवणारा म्हातारा शिंपी चार भाषा वाचतो. त्याला विचारलं, हा शब्द आला कुठून? तो म्हणाला, राजी अरबीतला, नामा फारशीतला. खुशीनं लिहून दिलेला कागद. वाळवणीवरची हिंदी बोलणारी बाई हसली. त्यांच्याकडे म्हणे भांडणारे दोघे समेट करतात, त्याला राजीनामा म्हणतात. वा! तिकडे भांडण मिटतं, इकडे माणूस घरी बसतं. चांगल्या घरचा शब्द, आमच्याकडे नांदायला आला आणि नासला. माझी खुशी कुणी विचारली?

१३ मार्च
राजीनामा लिहिला नाही. कागद पिठाच्या डब्याखाली सरकवला.

१४ मार्च
तो गठ्ठा मागून घेतला. दोऱ्याला दुहेरी गाठ! मी गाठ मारतच नाही, टोक आत खोचते. अशी गाठ एकटी माझी धाकटी जाऊ मारते. तिला इथं मीच चिकटवलं होतं. तिचा दोरा निळा.
घडीच्या खोलीत गाठलं तिला. आधी नाही-नाही, मग रडत कबूल केलं, चादरी तिच्या हातून करपल्या, दोरा माझा बांधला. मग म्हणाली, "ताई, तुमचं काय, एकटा जीव. माझ्यामागं दोन लेकरं आहेत."
एकटा जीव! माझा नवरा गेला तेव्हापासून तिचीच लेकरं सांभाळतेय मी. म्हटलं, "त्या लेकरांना विचार, जेवू कोण घालतं." उद्या हेडक्लार्कला सगळं सांगणार.

१५ मार्च
सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, खण उघडला आणि अजून एक कोरा कागद काढला. जावेला बोलावलं. नवं यंत्र येतंय, इस्त्रीवरच्या दोघी तशाही कमी करायच्या होत्या म्हणे. दुसरी कोण ते ठरत नव्हतं.
घरी आलो एकाच रस्त्यानं. ती पुढे, मी दहा पावलं मागं.